काचेसाठी सोडलेली जागा

एका पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र एका अनोळखी बाईचं होतं. तिचे वडील सिनेमात नायकाच्या जागी उड्या मारायचे. तिचा जन्म व्हायच्या आधीच अशा एका उडीत ते गेले. ती उडी तशीच सिनेमात राहिली, आणि त्या प्रसंगाचं संगीत माझं होतं.

तिनं लिहिलं होतं, "तो सिनेमा लागला की आई डोळे मिटून बसायची. बाबा खिडकीची काच फोडून झेप घेतात, तिथं सगळी वाद्यं एकदम थांबतात. आई म्हणायची, संगीतकारांनी ते बाबांसाठी थांबवलंय. आई आता नाही. तुम्ही खरंच त्यांच्यासाठी थांबला होतात का, एवढंच कळवा."

एवढंच! माझ्यासारख्या भित्र्या माणसाला तेवढंच जड.

पाठलागाचं, हाणामारीचं संगीत लिहिण्याची एक रीत आहे. वाद्यांनी घाव घालायचा नसतो. घाव पडणार आहे, एवढंच सांगायचं असतं. सेलो धावते ठेवायचे, ट्रम्पेट एकेक पायरी वर चढवायचे, मागून मोठे ड्रम जवळ आणायचे, आणि नेमक्या घावाला सगळ्यांनी गप्प बसायचं. तिथला ठोसा, गोळी, फुटणारी काच हा सगळे आवाज एकत्र बसवणाऱ्याचा मान. दोघं एकदम बोलले तर एकाचंही ऐकू येत नाही. म्हणून मी ती उडी पडद्यावर पुन्हा पुन्हा लावून, घड्याळ हातात धरून, काचेपुरती जागा सोडली होती. तो माणूस त्याच उडीत गेला हे मला ठाऊक होतं. तरी मोजताना माझ्या डोक्यात काचच होती.

हे तिला कसं लिहू? आणि 'हो' तरी कोणत्या तोंडानं लिहू?

परवा बायको वैतागली. "अहो, जन्मभर पुस्तकं पालथी घातलीत आणि त्या पोरीला दोन ओळी लिहवेनात?"

"मग खोटं लिहू?"

"मी कुठं म्हणते खोटं लिहा? पण सिनेमात तिथं काच वाजतच नाही. जागा तुम्ही सोडलीत, ती रिकामी कोणी ठेवली?"

हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो सिनेमा मी पुरा झाल्यावर पाहिलाच नव्हता. स्वतःचं संगीत ऐकायची मला लाज वाटते.

त्या सिनेमाचे आवाज ज्यानं बसवले त्याला आम्ही कानसेन म्हणायचो. आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. मला दारात बघून म्हणाला, "या संगीतकार! वाट चुकलात?"

"त्या खिडकीच्या उडीला काच का नाही लावलीस?"

"मोठ्यानं बोला. तुमचेच ड्रम ऐकून कान गेलेत."

मी पत्राची हकिगत सांगून पुन्हा विचारलं. त्याचं हसू मावळलं.

"त्या दिवशीची टेप आली होती माझ्याकडे. खरा आवाज. काचेचा, आणि त्याच्या नंतरचा. तो लावणार कसा? कपाटात काचेचे दुसरे आवाज होते, एकेक काढून ऐकला. पण त्या माणसावर खोटा आवाज लावायला हात धजेना. दिग्दर्शक ओरडला. म्हटलं, ओरडा. राहिलं तसंच."

"आणि ती टेप?"

"पुसली. तिचं काही लिहू नका हं पोरीला." मग म्हणाला, "तुम्ही जागा सोडलीत म्हणून जमलं. तिथं तुमचे ड्रम असते तर मी काय करणार होतो?"

लोकांची समजूत काढायची ही त्याची जुनीच खोड.

घरी येऊन लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

"ती जागा मी काचेच्या आवाजासाठी सोडली होती, तुमच्या वडिलांसाठी नव्हे. पण आवाज बसवणाऱ्या माझ्या सोबत्यानं तिथं काच वाजवली नाही, आणि ते मात्र तुमच्या वडिलांसाठीच. आईनं बरोबर ऐकलं होतं. माणूस तेवढा दुसरा होता."

बायकोनं वाचलं. पाकीट आणून दिलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी बराच वेळ उभा होतो. एकदा आत टाकलेलं पुन्हा बाहेर काढता येत नाही, हे हात घालून बघितलं. मग टाकलं.