पाटावरून उठू नये

डोहाळजेवणात बांगड्या भरताना पाटावरून उठू नये, म्हणून गंगाबाईंनी सात महिन्यांच्या गरोदर सुनेला, हरिणीला, लघवीला उठताना दोनदा डोळ्यांनीच खाली बसवलं होतं. लघवीच्या जळजळीला "उन्हाळी लागलीय, धन्याचं पाणी पी," एवढंच औषध. आता ती तंजावूरच्या दवाखान्यात तापानं कुडकुडत होती.

डॉक्टरीण म्हणाली, "अम्मा, गरोदरपणात हार्मोनमुळे मूत्रनळ्या सैलावतात, लघवी तुंबते, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. अशानं कळाही लवकर येतात."

यंत्रात बाळाचे ठोके सापडेपर्यंत गंगाबाईंनी पदर दातांत धरला होता.

हरिणीनं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, लघवीला जाऊ?"

"मला काय विचारतेस, भवाने? ऊठ."

सलाईनची बाटली त्यांनीच उचलली. हरिणीचा ताप अजून उतरला नव्हता; बाटली उंच धरून त्या तिच्यामागोमाग निघाल्या.