पाव तासाची खुर्ची

सुताराने खुर्चीचे पुढचे दोन पाय बोटभर कापले, खुर्ची उभी केली आणि तिच्यावर बसून पाहिलं. बसला तसा तो हळूहळू पुढे घसरू लागला. सगळा भार गुडघ्यांवर आला आणि पाठीला टेकू काही सापडेना. तो उठला, पेन्सिल कानामागे खोचली आणि समाधानाने म्हणाला,

“वा! काय भिकार झालीये.”

उभ्या आयुष्यात त्याने वाईट खुर्ची केली नव्हती. निदान मुद्दाम तरी केली नव्हती. माणसाने बसावं, पाठ टेकावी, डोळा लागला तर लागू द्यावा, अशा खुर्च्या करण्यात त्याची हयात गेली होती. पण आता लोक फर्निचरही खोक्यातून आणत आणि घरी बसून स्वतःच स्क्रू पिळत. त्याच्या वर्कशॉपकडे कुणी फिरकेनासं झालं होतं. अशा दिवसांत चौकातल्या नव्या बर्गरच्या दुकानाचा मॅनेजर स्वतःच्या पायांनी चालत आला, तर त्याला नाही म्हणायला सुतार काही साधुसंत नव्हता.

मॅनेजर तरुण होता. गळ्यात टाय आणि कानात कसलंसं यंत्र. मधूनच तो त्या यंत्रातल्या माणसाशी बोले, त्यामुळे आपल्याशी काय बोलला आणि कानाशी काय, हे सुताराला निवडून घ्यावं लागत होतं.

“खुर्ची दिसायला झकास पाहिजे, मिस्त्री. पण खाऊन झालं की माणसाला वाटलं पाहिजे, चला, उठावं आता. पाव तास. त्याच्या वर कुणी बसता कामा नये.”

“आणि बसलं तर?”

“तर दारात उभा असलेला शेजारच्या दुकानात जाईल. आधी इथल्या खुर्च्या करा. लोक वेळेत उठले, तर पुढच्या सगळ्या शाखांचं काम तुमचं.”

पुढच्या सगळ्या शाखा. हे शब्द सुतार घरी पोचेपर्यंत लिमलेटच्या गोळीसारखे तोंडात घोळवत होता.

खुर्ची वाईट झाली आहे हे त्याला पटलं होतं, पण शेवटी आपला तो बाब्या. परीक्षा दुसऱ्यांनीच घ्यायला हवी. म्हणून नमुन्याच्या चार खुर्च्या टेम्पोत घालून त्याने घरी आणल्या. बर्गर खाणारी माणसं शोधायला त्याला लांब जायची गरज नव्हती.

कधीकाळी या घरात टेबलाभोवती बसून जेवण होत असे. टेबलही त्यानेच केलेलं, जाड फळ्यांचं, चौघांनी ढकललं तरी न हलणारं. मग एका संध्याकाळी बायकोला चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून यायला उशीर झाला आणि येताना तिने बर्गर आणले. सुताराची आई सोडून सगळ्यांना मजा वाटली. मग आठवड्यातून एकदा मजा वाटू लागली, मग दोनदा, आणि आता स्वयंपाक झाला तर त्याचंच नवल वाटे. आईने पहिल्या दिवशी “असलं पावात कोंबलेलं मी खाणार नाही” म्हणून रुसून दूध पिऊन झोप काढली होती. हल्ली ऑर्डर देताना तीच आतून ओरडे, “माझ्यात चीज जास्त सांगा गं!”

खाणं बदललं तशी बसण्याची जागाही बदलली. भाताचं पातेलं मध्ये असलं की माणसांना त्याच्याभोवती बसावं लागतं. खोकं कुठेही नेता येतं. लेक आपलं खोकं खोलीत नेई, बायको टीव्हीपुढे आणि आई खिडकीशी. टेबलावर इस्त्रीचे कपडे, मोबाइलचे चार्जर आणि एका कोपऱ्यात एकटा सुतार.

त्या दिवशी मात्र त्याने टेबल रिकामं केलं, नव्या खुर्च्या मांडल्या, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि तिघींना बोलावून बसवलं.

“बसा. खा. आणि अगदी नेहमीसारखं वागा,” त्याने बजावलं.

तिघींनी खोकी उघडली. सुतारानेही पहिला घास घेतला आणि लगेच बोलायला सुरुवात केली.

“हळू, हळू. घास बत्तीस वेळा चावायचा असतो. आणि पाठ ताठ. आता ही बैठक बघा, हिला उतार किती दिलाय ते डोळ्यांना दिसणार नाही, पण बुडाला कळतो. लाकूड म्हणजे काय असतं,” इथे त्याने टेबलावर बोटांनी टकटक केली, कान लावला आणि डोळे मिटले, “लाकूड बोलतं. ऐकणारा पाहिजे. आमच्या वेळी—”

“बाबा, माझा अभ्यास राहिलाय,” म्हणत लेक उठली.

“मला एक फोन करायचाय,” बायको म्हणाली, आणि अर्धा बर्गर हातात घेऊन गेली.

आई जरा थांबली, पण तीही उठलीच. “मी पडते जरा.”

सुताराने घड्याळ पाहिलं. पाव तास कसला, त्याच्या निम्माही झाला नव्हता!

“आई, पाठ दुखली का गं?” त्याने आनंदाने विचारलं.

“कशाने?”

“खुर्चीने!”

“हो हो, दुखली ना. फार दुखली,” म्हणत आई पडदा सारून दिसेनाशी झाली.

यश इतकं मोठं होतं की सुताराचं मन विरघळलं. हाताला सवय चांगल्या कामाची. एवढी वाईट खुर्ची कशाला हवी? दुसऱ्या दिवशी त्याने उतार निम्मा केला. तिघी तेवढ्याच वेळात उठल्या. मग त्याने पाठीला थोडा बाक दिला, कमरेला आधार दिला. तरी उठल्या. शेवटी उतार नखाएवढा उरला आणि पाठ टेकली की झोप यावी अशी खुर्ची तयार झाली, तरी बर्गरचा शेवटचा घास गिळायच्या आत टेबलाशी एकटा सुतार उरे. धंदाही साधला आणि हातही बाटला नाही, असा योग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. त्याने सगळ्या खुर्च्या त्याच बेताने केल्या, पॉलिश मारून पोचवल्या आणि पुढच्या शाखांसाठी लाकूड बघायला लागला.

काही आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला.

“मिस्त्री, लोक उठत नाहीयेत.”

“असं होणारच नाही. घरी तपासून दिल्यात मी.”

“तुम्ही या आणि बघा.”

सुतार वखारीतून परस्पर दुकानात गेला. बुधवार होता. दाराशी रांग होती आणि आत सगळी दुनिया निवांत बसली होती. एका टेबलावर पोरांनी पुस्तकं उघडली होती. एक म्हातारा थंड पेयाच्या रिकाम्या ग्लासवर हात ठेवून चक्क घोरत होता. खिडकीशी बसलेल्या जोडप्याबद्दल मॅनेजर कळवळून म्हणाला,

“हे दोघं आले, भांडले, रडले, समेट झाला आणि आता लग्नाचं ठरवतायत. एका बर्गरमध्ये!”

सुतार खाली मान घालून उभा राहिला. खरं तर म्हाताऱ्याची झोप पाहून त्याला आतून बरं वाटत होतं, पण ते दाखवायची सोय नव्हती.

“आणि तो कोपरा बघा,” मॅनेजर म्हणाला. “दर बुधवारी येतात त्या तिघी. मी दिवे कमी केले, गाणी मोठ्याने लावली, टेबल तीनदा पुसलं. त्यांनी खोकी उचलून धरली आणि मला पुसू दिलं! ठाण मांडून बसतात.”

सुताराने कोपऱ्याकडे पाहिलं. तिघींतली सगळ्यात म्हातारी बाई पाठमोरी होती, पण ती पाठ तो जन्मापासून ओळखत होता.

बुधवारी वखारीतून यायला त्याला उशीर होई. घरी पोचला की बायको सांगे, आमचं झालं, तुमचं झाकून ठेवलंय. कुठे झालं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

बायकोने चप्पल काढून एक पाय खुर्चीवर घेतला होता. लेक टेबलावर डोकं टेकून हसत होती. आणि आई, जिला घरी दोन घासांनंतर पडावंसं वाटे, ती ताठ बसून एक लांबलचक फ्राय कानामागे खोचत होती. मग तिने बोट वर केलं. एक घास घेऊन ती सावकाश चावू लागली आणि समोरच्या दोघी मोठ्याने आकडे मोजू लागल्या. मध्येच थांबून आईने टेबलावर टकटक केली, कान लावला, डोळे मिटले आणि एक मोठा उसासा सोडला. बायकोने कागदी रुमालाने डोळे टिपले.

सुताराला आधी राग आला. मग त्याच्या लक्षात आलं की नक्कल हुबेहूब वठली आहे, म्हणजे तिच्यामागे बऱ्याच बुधवारांची मेहनत असणार. आणि मग भरल्या दुकानात त्याला फार एकटं वाटलं.

“ओळखता का त्यांना?” मॅनेजरने विचारलं.

“पाहिलंय कुठेतरी.”

“मग जा आणि बघा, तुमची खुर्ची कुठे कमी पडते ते. त्या उठल्या तर मी समजेन की दुरुस्ती होऊ शकते, पुढचं काम तुमचं. नाही उठल्या तर उद्या प्लास्टिकच्या स्टुलांची ऑर्डर देतो.”

सुतार निघाला. तेच बर्गर, त्याच खुर्च्या, त्याच तिघी. घरी लगबगीने उठतात आणि इथे हलत नाहीत. घोडं पेंड खातंय कुठे, हे त्याला दोन टेबलांमधून वाट काढेपर्यंत कळत नव्हतं.

मग लेकीने त्याला पाहिलं. तिचं हसू जागच्या जागी विझलं. बायकोचा पाय खाली आला आणि चप्पल शोधू लागला. खोक्यांची झाकणं लागली, पर्स खांद्यावर चढली. सुताराने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“आमचं झालंच होतं,” आई मागे वळून म्हणाली. “निघतच होतो आम्ही.”

तिघी अर्ध्या उठल्या होत्या. काउंटरमागे मॅनेजरने आ वासला. दिवे आणि गाणी यांना जे जमलं नव्हतं, ते मिस्त्रीने नुसतं जवळ जाऊन केलं होतं. त्याने दोन्ही अंगठे वर करून सुताराला दाखवले.

सुताराने ते अंगठे पाहिले. मग त्या तीन खुर्च्या पाहिल्या. खुर्चीची काही चूक नव्हती. पुढच्या सगळ्या शाखा हाताशी आल्या होत्या, आणि त्यासाठी काही करायचंही नव्हतं, फक्त होता तिथे उभं राहायचं होतं.

“बसा गं,” तो म्हणाला.

कुणी बसलं नाही.

“पाठ दुखते रे,” आई म्हणाली.

“काही दुखत नाही. चांगली खुर्ची आहे.”

त्याने चौथी खुर्ची ओढली आणि स्वतः बसला. कमरेला नेमका आधार कुठे दिलाय ते सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. त्याने समोरच्या चार-पाच फ्राईज उचलून एकदम तोंडात कोंबल्या आणि चावत राहिला. तो काहीच बोलत नाही हे पाहून आधी लेक बसली. मग बायको बसली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून. आई सगळ्यात शेवटी टेकली.

काउंटरवरचे अंगठे खाली गेले होते. मॅनेजर आता मनगटावर बोट आपटून घड्याळ दाखवत होता.

“अहो, तो माणूस तुम्हाला खुणा करतोय,” बायको हळूच म्हणाली.

“करू दे. उद्या स्टुलं आणणार आहे तो.”

“म्हणजे तुमचं ते पुढचं काम?”

“गेलं.”

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सुताराने घास संपवला, खुर्ची टेबलाजवळ सरकवली आणि आईला विचारलं,

“मग? पुढे काय म्हणतो तो?”

“कोण तो?”

“तोच. लाकूड वाजवणारा.”

आईने सुनेकडे पाहिलं. सून टेबलाकडे बघत होती. मग आईची नजर नातीकडे गेली, तर नातीने डोळे मोठे करून, मान हलवून नको नको म्हटलं. आईने घसा खाकरला आणि बोट वर केलं.