झिपरी कुठे राहते

पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दातांचे व्रण होते, आणि ते तिचेच होते. वही-पेन्सिल दोरीने गळ्यात अडकवल्याला आज तिसरा दिवस, आणि एवढ्यात तिला कळून चुकलं होतं की बोलायचं नसलं की माणूस काहीतरी चावत बसतं. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडायची बंदी केली होती. कुजबुजसुद्धा नाही—कुजबुजीनं जास्तच ताण येतो म्हणे. येत्या गुरुवारी ऑपरेशन. स्वरयंत्रावरची गाठ काढायची, आणि गाठीबरोबर आणखी किती काढावं लागेल ते आत शिरल्यावरच कळणार... “जिवाला धोका नाही,” डॉक्टर म्हणाले होते, “आवाजाचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही.” हे ते तिच्या नवऱ्याकडे बघून सांगत होते, जसा काही तिचा आवाज नवऱ्याच्या नावावर होता.

गाडी नवरा चालवत होता. तो भूगोलाचा मास्तर, त्यामुळे रस्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं आणि दर सहलीत एकदा तरी ते चुकतात. मागे सासूबाई आणि सहा वर्षांची लेक ठकी. सहल ठकीला केव्हाच कबूल केलेली, मोडवेना. सकाळी चित्रनगरीत टीव्हीवरच्या मालिकेतलं घर पाहून झालं, सासूबाई अकरा वर्षं रोज बघत आलेल्या मालिकेतलं. घर नव्हतंच. दार होतं, दारामागे चार पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यामागे टेकू दिलेल्या फळ्या. “या घरात मी दोन बाळंतपणं बघितली,” फळ्यांवरून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे मेणाच्या पुतळ्यांच्या दालनात त्यांनी कुठल्याच नटाकडे धड पाहिलं नाही.

“आज गाडीत काय शांतता आहे गं,” त्या आता म्हणत होत्या. “तुमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. जरा उपभोगू दे मला.”

नवरा हसला. तीही हसली, बिनआवाजी. सासूबाईंना घसा बसलाय एवढंच माहीत होतं. ठकीला तेवढंही सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कोणी?

यांच्या घरात कडू गोष्टी झिपरी सांगते. झिपरी म्हणजे खार, कार्टूनमधली. पडद्यावर तिचे ओठ हलायचे आणि त्या ओठांत ठकीची आई शब्द बसवत असे, काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, नऊ वर्षं. त्यातूनच हे सुरू झालं. ठकीला पहिल्यांदा इंजेक्शन द्यायचं होतं तेव्हा झिपरीनं सांगितलं की दुखणार आहे, पण दहा आकडे मोजेपर्यंतच. मासा मेला ते झिपरीनं सांगितलं. आजोबा गेले तेही... त्या दिवशी नवरा दाराआड उभा राहून ऐकत होता, आणि त्यालाही स्वतःचे वडील गेल्याचं पहिल्यांदा तेव्हाच पटलं असं तो नंतर म्हणाला. नियम एकच होता: झिपरी खोटं बोलत नाही. आणि झिपरी राहते कुठे, असं ठकीनं विचारलं तेव्हा आपण मोठ्या हौसेनं सांगितलं होतं, माझ्या घशात राहते. केवढी हुशारी वाटली होती तेव्हा!

काल रात्री जेवताना नवऱ्यानं प्रयत्न करून पाहिला. आवाज बारीक करून “ठकूबाई, ऐका जरा...” एवढंच म्हणाला, तर ठकीनं घास खाली ठेवला. “बाबा, तू नको. तुला नाही येत.” रागावून नाही, समजुतीनं.

वहीत लिहावं म्हटलं तर ठकी अक्षराला अक्षर जोडून मोठ्यानं वाचते. ते वाक्य तिच्या तोंडून तसं, तुकड्यातुकड्यानं ऐकायचं... नाही.

झिपरीच्या बागेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं चावी काढली नाही. “बटण दाबलं की तुझा आवाज येतो इथे,” तो हळूच म्हणाला. “माझ्या डोक्यातूनच गेलं गं. परत फिरू या का?”

तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पण ठकी उतरून पळालीसुद्धा होती.

झिपरीचा पुतळा दोन पुरुष उंच, शेपटीचा रंग पावसानं उडालेला. पुतळ्यासाठी आवाज दिला ती दुपार तिला आठवली. बारा वाक्यं होती, ती उपाशी होती, पोट गुरगुरलं म्हणून एक वाक्य दोनदा घ्यावं लागलं होतं आणि रेकॉर्डिंगवाला खोखो हसला होता. दर वाक्यानंतर चार आकडे थांबा, म्हणाला होता. हवा तितका, फुकट, न जपता वापरलेला तो आवाज... ती शेपटीच्या मागे थबकली. ठकीची फक्त चप्पल दिसत होती.

“मित्रांनो, रांगेत या,” झिपरी म्हणाली. अगदी स्वच्छ.

“तू इथे राहायला आलीस?” ठकीनं विचारलं. “आईच्या घशातून?”

एक, दोन, तीन, चार.

“फुलं तोडायची नाहीत बरं का.”

“नाही तोडत. आईला काय झालंय?”

“पाण्याचा नळ माझ्या उजव्या हाताला आहे.”

मग चप्पल एक पाऊल पुढे सरकली, आणि आजोबांच्या वेळी काढला होता तसा बारीक आवाज काढून ती म्हणाली, “खरं सांग. परत येणारेस का तिच्याकडे?”

शेपटीमागे आईनं तोंड उघडलं. एक वाक्य. आत्ता बोललं तर आवाज पुतळ्यातूनच आला असं वाटेल. डॉक्टरांना कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. पण बोलायचं काय? येईन म्हणायचं? झिपरी खोटं बोलत नाही... एक. दोन. बोटांत पेन्सिल होती, ती तिनं दातांत धरली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळ उत्तर नाहीच, आपणही ठकीसारख्याच कान लावून उभ्या आहोत—तीन—बघू या, झिपरी काय म्हणते.