वहिनीचं बिल्ड

सकाळी वहिनीचं बिल्ड पास झालं आणि मला संशय आला.

आमचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर न्यायचा होता. तिथे त्याने कोणाच्या मदतीशिवाय स्वतःच स्वतःला बांधून दाखवलं, म्हणजेच बिल्ड पास झालं, की काम फत्ते. मी कित्येक आठवडे एररशी डोकं फोडत होते. एक निस्तरली की दुसरी हजर. आणि कालपरवा आलेल्या वहिनीला हे पहिल्याच दमात जमावं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"झालं का?" साहेबांनी दारातूनच विचारलं. ते दुसरं काही विचारतच नाहीत, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना 'झालं-का' म्हणतो.

"झालं," वहिनी म्हणाली.

साहेब इतके खूश झाले, की त्यांनी जुन्या सिस्टिमचा जुना सर्व्हर आजच उचलून न्यायला सांगितला आणि वहिनीची नोकरी पक्की केल्याचं जाहीर केलं. दादाची नोकरी गेल्यापासून त्यांचं घर हिच्याच पगारावर चाललंय, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "थांबा. पुन्हा चालवून दाखव, वहिनी."

"नणंद शोभतेस हो," ती हसली आणि तिने बिल्ड सुरू केलं.

एरर नाही, साधी सूचनाही नाही. एवढं गुणी बिल्ड मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरचा पंखा घोंघावायला लागला. त्याच्यावर तर कोणीच काम करत नव्हतं! मी वहिनीच्या मशीनची नेटवर्क केबल उपटली. बिल्ड पहिल्याच फाइलवर आडवं झालं.

"बघा! सगळं काम गुपचूप जुन्या सर्व्हरकडून करून घेतलंय. नव्या कंपायलरने इकडची काडी तिकडे केलेली नाही. धूळफेक आहे ही!"

सगळे वहिनीकडे बघायला लागले. मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

तिचा चेहरा उतरला. "मला खरंच माहीत नव्हतं गं." तिने सेटिंगची फाइल उघडली, वरपासून वाचली आणि एका ओळीवर थांबली. "काम सर्व्हरकडे पाठवायला इथे सांगितलंय. ही फाइल पहिल्या दिवशी तूच मला दिली होतीस."

"काहीतरीच काय!"

"मग तुझीही केबल काढ."

मी जागची हलले नाही. शेवटी तिनेच येऊन काढली आणि बिल्ड सुरू केलं. माझं बिल्डही पहिल्याच फाइलवर आडवं झालं. ज्याला मी इतके आठवडे शिव्या घालत होते, त्या नव्या कंपायलरला मी कधी कामाला लावलंच नव्हतं. नव्या सिस्टिमसाठी मी कोडमध्ये केलेले बदल जुन्या सर्व्हरला पचत नव्हते, म्हणून त्या एरर; वहिनीने कोडला हातच लावला नव्हता, म्हणून तिचं पास झालं.

"म्हणजे झालं नाही," साहेब म्हणाले. सर्व्हर न्यायला आलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं. मग वहिनीकडे न बघता म्हणाले, "तुमचं ते पक्कं करायचं नंतर बघू."

"साहेब, सेटिंग माझी होती," मी म्हणाले. पण ते केबिनमध्ये गेलेसुद्धा.

वहिनीने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "नोकरी पक्की झाल्याचं मी मघाशीच घरी कळवलंय. आता हे तू सांग."

मी फोन लावला, दादाने लगेच उचलला. मी नुसतं 'दादा' म्हणाले, तोच तो म्हणाला, "तूच का? बरं झालं. ती सांगत होती, तू पहिल्या दिवशी सगळं हातात दिलंस म्हणून जमलं. तुझे उपकार कसे फेडू गं?"