पाहुण्याकडे वळवलेला पंखा

मी एक जुना टेबल पंखा आहे, मित्रांनो. कोलकात्याच्या कारखान्यात जन्मलो आणि रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात शालिग्रामभाऊंच्या घरी आयुष्य काढलं. माझ्या एका बाजूला त्यांच्या आईची, सरोजिनीआजींची खाट होती. दुसऱ्या बाजूला नात गंधालीची अभ्यासाची चटई. आजींना लकवा झाला होता. हात उचलत नव्हता, जीभ वळत नव्हती.

"आजी, पाती गोल फिरतात ना, ते दोलन नाही बरं," गंधाली विज्ञानाचं पुस्तक मिटून सांगायची. "याची मान तुझ्याकडून माझ्याकडे येते अन् परत जाते, ते दोलन. झोक्यासारखं." हे ऐकून मी उगाच ऐटीत मान फिरवायचो. खरं सांगतो, परत येणं हेच माझं काम होतं.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. भोपाळहून अधिकारी आले, त्यांना घरं मिळेनात. मे महिन्यात शालिग्रामभाऊंचे साहेब आमच्या वरच्या खोल्या भाड्यानं घ्यायला म्हणून पाहायला आले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पंखा त्याच्याकडे वळवतात. भाऊंनी माझ्या मोटारीवरची खुंटी वर ओढली. माझी मान थांबली.

"बैठिए साब, हवा में बैठिए."

चहा झाला. खोल्या पाहून झाल्या. भाऊ साहेबांना सोडायला थेट पलीकडच्या बुढापारा मोहल्ल्यापर्यंत गेले. मी रिकाम्या खुर्चीला वारा घालत राहिलो. बाहेर लू, उन्हाळ्याचा भाजणारा वारा, चालली होती. बाजूला आजींचा श्वास ऐकू येत होता, आधी जोरात, मग तुटक. मी थरथरलो, जीव तोडून फिरलो; पण खुंटी वर असली की माझी मान वळत नाही. मला ओरडता येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं.

गंधाली शिकवणीहून आली आणि दारातच किंचाळली, "बाबा! आजीकडे पंखा काहून नाही केला?"

"साहेब होते ना... मले वाटलं, पाचच मिनिटं," मागोमाग आलेले भाऊ पुटपुटले.

तिनं खुंटी दाबली. मला झेप घ्यायची होती, पण मला माझ्या ठरल्या चालीनंच वळावं लागतं. मी पोचलो तेव्हा आजींचे कपाळावरचे केस तेवढे हलले.

आता मी माळ्यावर आहे. भाऊ माझ्याकडे बघत नाहीत. माझी धूळ पुसू नका, तेल घालू नका, चालेल मला. पण मित्रांनो, पाया पडतो, पाहुण्याबरोबर उठून जाताना घरात कोण पडून आहे ते एकदा बघा, आणि खुंटी दाबून जा.