गोदूबाईची पाठ

“ह्यो वाटो कोणाचो?” तुकारामने माशांच्या ढिगाला काठी लावून विचारलं.

“जानकीचो,” गोदूबाई म्हणाली. तिची पाठ ढिगांकडे होती आणि तोंड समुद्राकडे.

आमच्या वाडीच्या रापणीची ही रीत. होडी किनाऱ्यापासून वळसा घेत जाळं टाकत जायची, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर यायचे आणि दोराला ज्याचा हात लागेल त्याला एक वाटा. होडी-जाळ्याच्या मालकाला दोन. ढीग तुकाराम लावायचा आणि नावं गोदूबाई पुकारायची, ढिगांकडे न बघता. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं ती हे करत होती. बाई तोंडाची फटकळ, शेजारणींशी तिचं रोज वाजायचं. पण वाटपाच्या वेळी ती मागे वळली, असं म्हणायची तिच्या वैरिणीचीही छाती नव्हती.

एकसष्ट साली जुने मालक वारले आणि त्यांचा मुलगा भाई मुंबईची नोकरी सोडून आला. जानकी एका हाताने अधू, गंगाराम सत्तरीचा. यांना पुरता वाटा कशाला, हे त्याच्या काही गळी उतरेना. एका सकाळी तो गोदूबाईच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसला.

“काकी, बरे ढीग माझ्या नावार पडाक होये. तू जरा मान फिरव, बस. तुका दोन वाटे देतलंय.”

गोदूबाई तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

“तुझ्या बापाशीन माका असा कधी सांगूक नाय. मी मान फिरवचंय नाय.”

“मगे तुझी गरजच नाय.”

दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावचे वीस गडी मजुरीवर आले. वाडीतल्या कुणी दोराला हात लावायचा नाही, असं भाईने बजावलं. गोदूबाई महिनाभर कट्टा गावच्या बाजारात दुसऱ्यांचे सुके मासे विकत बसली. घरी नुसती पेज. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मार्गशीर्षात एका सकाळी बांगडा आला. माशांच्या थव्याने पाणी काळंभोर झालं. जाळं पडलं, गडी ओढू लागले आणि जाळं अर्ध्यावर येऊन अडलं. ओहोटीची ओढ जबर. मासा आला काय नि गेला काय, गड्यांची मजुरी ठरलेली. दोघे तर हातावर फुंकर मारत खालीच बसले. दोर उलटा समुद्राकडे सरकायला लागला. भाई स्वतः दोराला लोंबकळला, त्याच्या तळव्यांची सालं निघाली. सगळी वाडी माडाखाली हाताची घडी घालून उभी होती. खोटं कशाला बोलू, आम्हाला बरंच वाटत होतं.

गोदूबाई तेवढी खाली उतरली. तिने दोर धरला, पण ओढला नाही.

“वाटो कसो, ता आधी सांग.”

“तुका दोन! तीन घे!”

“माका एक पुरे. जानकीक कितको? गंगारामाक?”

भाईने जाळ्याकडे पाहिलं, मग माडाखालच्या माणसांकडे.

“पयल्यासारखो. सगळ्यांका.”

“ह्या गड्यांकाय. तेंचे हात दोराक नाय काय?”

“तेंकाय!”

“मोठ्यान बोल.”

“सगळ्यांका एक एक वाटो!” भाई ओरडला.

माडाखालची वाडी धावली. बसलेले दोघे गडी सगळ्यांच्या आधी उठले. जानकीने चांगल्या हाताला दोराचा वेढा घेतला. जाळं वाळूवर आलं तेव्हा पांढऱ्या वाळूचा पत्ता नव्हता, नुसता बांगडा.

तुकारामने ढीग लावले. गोदूबाई समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. नावं पडत गेली. सगळ्यात दांडग्या ढिगापाशी काठी आली.

“ह्यो कोणाचो?”

“भाईचो.”

“बरो पडलो रे तुझो,” एवढंच गंगाराम म्हणाला. भाईला मान वर करवेना. आमच्या वाडीचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

शेवटी गोदूबाई वळली. तिचा ढीग सगळ्यांत लहान होता, तरी पाटी शिगोशीग भरली. भरली पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. जानकी पुढे होणार, तोच भाई वाकला आणि सोललेल्या हातांनी त्याने पाटीचा काठ धरला.

गोदूबाईने डोक्यावरची चुंबळ नीट केली, पाटी घेतली आणि ताठ मानेने कट्ट्याच्या बाजाराची वाट धरली.