जमनाचा कागद

"सिस्टर, पोरीचं मन नसलं तरी पोट राहते का?"

उज्ज्वलानं विचारलं आणि अकरावीचा अख्खा वर्ग आधी गार पडला, मग बाकाखाली डोकी घालून खिदळला. आरोग्य खात्याच्या कोडापे सिस्टर मारेगावच्या कॉलेजात मुलींना माहिती सांगायला आल्या होत्या. तक्ता टांगून तासभर बोलल्या आणि शेवटी "कोणाला काही विचारायचं?" म्हणाल्या, तशी शेजारच्या पायलनं उज्ज्वलाच्या बरगडीत कोपर खुपसलं होतं.

"इचार वं! इचारलं तं पंधरा दिवस माह्या डब्यातलं लोणचं तुह्यं."

"ते काय इचारते," मागून दीपा म्हणाली होती. "तांड्याची वाघीण, तांड्यातच डरकाळ्या फोडन."

एवढं ऐकल्यावर उज्ज्वलानं बसून राहणं शक्यच नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून तिच्या जिभेला नवीन चाकं लागली होती. दहावीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोर आता एस.टी.च्या कंडक्टरशीही भांडायची, आणि जिंकायची.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तक्त्याची गुंडाळी केली, तिला दोरी बांधली आणि मग म्हणाल्या, "हसणाऱ्या पोरीईनो, तुम्ही पण ऐका. राहते. पोट काही मनाले इचारून राहत नाही. जबरदस्ती झाली तरी राहते. अन् राह्यलं म्हणून ते पोरगी राजी होती, असं कोणी म्हणत असन तं तो खोटं बोलून राह्यला. लिहून घ्या पाहिजे तं."

उज्ज्वलानं खरंच लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात सिस्टरनी तिला थांबवलं. "कोणासाठी इचारलं?"

"पैज लागली होती, सिस्टर."

"पैजेचं आहे तं मंग कान काहून लाल झाले?"

उज्ज्वलानं वही दप्तरात कोंबली आणि एस.टी.कडे पळाली. कारण प्रश्न पायलचा नव्हताच. तो तिच्या बंजारा तांड्यावरच्या हापशीवरून आला होता. उज्ज्वलानंच मधल्या सुट्टीत मैत्रिणींना सांगितला होता, आणि सांगताना तीसुद्धा थोडी हसली होती.

हापशीवर महिनाभर दुसरा विषयच नव्हता. रुपीबाईची जमना, वीस वर्षांची, बाप लहानपणीच गेलेला, आणि तिला पाचवा महिना. बाया घागर भरून झाली तरी हलत नसत.

"अवं, मन असल्याबिगर पोट राहते का?"

"आमच्या नंदेले दहा वर्षं झाले लग्न होऊन, तिले नाही राह्यलं. अन् इले बरं लागलीच!"

"टाळी एका हातानं वाजते काय, माय?"

यातलं शेवटचं वाक्य उज्ज्वलाच्या याडीचं, म्हणजे आईचं, हंसाबाईचं. जमना घागर घेऊन आली की बाया लुगड्याचे पदर सावरत बाजूला सरकायच्या, आणि ती गेली की तिनं धरलेला दांडा धुवायच्या.

त्या दिवशी उज्ज्वला एस.टी.तून उतरली ती घरी गेलीच नाही. जमना झोपडीमागे पऱ्हाटीच्या काड्या मोडत बसली होती. त्या साली कपाशीवर लाल्या आला होता. दिवाळीतच पानं तांबडी पडली, बोंडं बोराएवढी राहिली. तांड्याच्या रानात वेचायला काही उरलं नव्हतं आणि चुलीत घालायला मात्र पऱ्हाट्याच पऱ्हाट्या होत्या.

"जमनाबाई, मी आज सिस्टरले इचारलं," उज्ज्वला दप्तरासकट खाली बसली. "मन नसलं तरी पोट राहते. सिस्टर म्हणली. साऱ्या वर्गासमोर म्हणली. हे पाय, लिहून आणलं."

जमनाच्या हातातली काडी अर्धी मोडून तशीच राहिली.

"नर्स म्हणली?"

"हो ना! अन् जो म्हणन की राजी होती, तो खोटारडा."

जमना वहीकडे बघत राहिली. तिला जोडाक्षरं जमत नसत, पण तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"मले वाटे, माह्यंच कुठं तरी मन असन," ती हळू म्हणाली. "सारे म्हणून राह्यले तं असनच, आपल्याले समजलं नसन. राती मी शोधत राहो, कधी होतं मन. सापडेच ना."

उज्ज्वला तिच्यासोबत काड्या मोडू लागली. मग जमनाच बोलली. राजकुमारच्या पिकअप गाडीचं बोलली. राजकुमार म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा, नायकाचा पुतण्या. ज्यांच्या रानात ओलीत होतं, त्यांच्याकडे कापूस वेचायला तो तांड्यावरच्या बाया न्यायचा. कामं थोडी, बाया फार. गाडीत कोण चढेल ते तोच बोट दाखवून ठरवायचा.

"सहा दिवस माह्या याडीले चढूच देलं नाही. जागा नाही म्हणे. घरात ज्वारी नोहती. सातव्या दिवशी म्हणे, तू समोर बसशीन तं याडीले मांगं जागा होते. मंग येतानी साऱ्याईले उतरवे, याडीले पण. अन् मले म्हणे, थांब, वजनाचा काटा ठेवाले हात लाव. मी नाही म्हणलं. दोनदा म्हणलं. तिसऱ्यांदा कायले म्हणू? कोण ऐकून राह्यलं होतं?"

तिनं राहिलेली काडी मोडली आणि ढिगावर टाकली.

"ऐतवारी बैठक बसवून राह्यले माह्यावर. कागद तूच लिहिशीन ना?"

"मीच लिहितो नेहमी."

"मंग हेच लिही."

आता हे कागदाचं सांगायला हवं. तांड्यावर काही भानगड झाली की सेवालाल महाराजांच्या देवळासमोर दरी, म्हणजे सतरंजी, अंथरून नायक आणि चार जाणते बसत. बाई बैठकीत बोलत नसे. तिच्या वतीनं तिचा बाप, नवरा, नाहीतर भाऊ बोलायचा. ज्या बाईला यातलं कोणीच नाही, तिच्या वतीनं नायकच बोलायचा आणि निकालही नायकच द्यायचा. ठरलं ते कागदावर लिहायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं, खाली अंगठे घ्यायचे. वाचलेला कागद म्हणजे संपलेली गोष्ट. त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही, तांड्याबाहेर तर नाहीच.

कागद लिहिणं हे कारभाऱ्याचं काम. कारभारी होता उज्ज्वलाचा बापू, भावसिंग. त्याची अक्षरओळख सहीपाशी सुरू होऊन सहीपाशीच संपायची. म्हणून आठवीपासून लिहायला उज्ज्वला. पुरुषांच्या दरीवर बसणारी तांड्यातली ती एकटीच बाईमाणूस, आणि याचा तिला केवढा तोरा! बाया मागं भिंतीशी घुंगटात बसायच्या आणि ही पुढं टोपण उघडून, मान वर करून.

ऐतवारी दुपारी खेमसिंग नायकानं खाकरून सुरुवात केली. पलीकडे राजकुमार मोटरसायकलवर आडवा बसून तंबाखूचा खर्रा घोटत होता.

"लिही," नायक म्हणाला. "जमनाच्या हातून चूक झाली. माणूस परका होता. नाव तिले ठाऊक नाही."

उज्ज्वलानं तारीख टाकली.

"झरीकडचा बाबुलाल तिले पदरी घ्याले तयार आहे. दोन बायका गेल्या त्याच्या, पण माणूस चांगला आहे. येत्या आठवड्यात तिले पोचवून द्यायचं. रुपीबाईची कोणावरच तक्रार नाही. लिहिलं?"

"काका, पुढं हेही टाका," राजकुमार खर्र्याची पुडी हलवत म्हणाला, "की राजीखुशीनं झालं. मन असल्याबिगर पोट राहते काय?"

दोघं-तिघं हसले. भिंतीकडूनही हसू आलं, घुंगटाखालचं.

उज्ज्वलाचं पेन थांबलं. "नायक काका, ते खोटं आहे. आमच्या कॉलेजात सिस्टर आल्या होत्या, त्या म्हणल्या की..."

"तुले लिहाले बसवलं, छोरी. बोलाले नाही."

"पण सिस्टर..."

"भावसिंग! हे तुह्यं कालेज काय?"

भावसिंगनं लेकीकडे पाहिलं. पांढरं पागोटं, खाली गेलेले डोळे. "लिही माय, लिही मुकाट्यानं," तो म्हणाला.

तिनं लिहिलं. बराच वेळ लिहिलं. नायकाचं सांगून संपलं, पाणी पिऊन झालं, तरी ती लिहीतच होती. "अक्षर चांगलं काढते पोरगी," एक जाणता म्हणाला. राजकुमारनं पिंक टाकली.

मग ती वाचायला उभी राहिली. स्पर्धेत उभी राहिली होती तशी, पाय जुळवून.

"मी जमना. माझं वय वीस वर्षं. राजकुमारनं माझ्या आईला सहा दिवस गाडीत चढू दिलं नाही. सातव्या दिवशी मला समोर बसवलं. परत येताना सगळ्यांना उतरवून मला थांबवलं. मी नाही म्हटलं. मी दोनदा नाही म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. माझ्या पोटात आहे ते त्याचं आहे. माझं मन नव्हतं. मन नसलं तरी पोट राहतं. माझी राजकुमारवर तक्रार आहे."

एवढ्या वेळात कोणी हललं नाही. तिचा आवाजच असा होता की पार हापशीपर्यंत गेला असेल.

आणि कोणी काही बोलायच्या आत जमना भिंतीपासून उठली. पुरुषांच्या दरीवर पाय ठेवायचा नसतो, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती सरळ दरीवरून चालत आली. तिनं घुंगट मागं टाकला, उज्ज्वलाच्या हातून पेन घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून तीन अक्षरं काढली. ज, म, ना. सावकाश, शेवटच्याला काना नीट लागलाय का बघत.

"वाचलेला कागद आहे, काका," ती नायकाला म्हणाली. "आता हाच खरा ना?"

राजकुमार गाडीवरून उडी मारून आला. त्यानं कागद ओढला, चार तुकडे केले आणि उज्ज्वलाच्या अंगावर भिरकावले. "कोणता कागद? दाखव! कोणी ऐकला? का बे, तू ऐकला? भावसिंग काका, तुम्ही ऐकला?"

भावसिंगनं मान हलवली नाही, वर नाही आणि आडवीही नाही.

"कोणी ऐकला नाही," नायक उठत म्हणाला. "बैठक झाली नाही. भावसिंग, उद्यापासून कारभारी दुसरा पाहतो मी. अन् ह्या छोरीले घरात बांधून ठेव, नाही तं तुह्या घरचं पाणी तांड्याले चालणार नाही."

एकेक करून माणसं उठली. बायाही उठल्या. हंसाबाई लेकीच्या दंडाला धरून तिला फरफटत घरी घेऊन गेली. वाटेत तिनं तिच्या पाठीत चार धपाटे घातले आणि दर धपाट्याला एक प्रश्न. "तुह्याशी लग्न कोण करन? तुह्या बापाले पाणी कोण देईन? ते कोण लागते तुह्यी? तुलेच मोठी जीभ फुटली काय?"

घरात भावसिंग बाजेवर बसला. पागोटं काढायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. सूर्य मावळायला आला होता. बाहेरून जाणाऱ्या येणाऱ्यानं एकदाही "काय कारभारी" अशी हाक दिली नाही.

"कालेज बंद," शेवटी तो म्हणाला.

"त्याचं मंग पाहू, बापू."

"मंग पाहू? बाप सांगून राह्यला अन् मंग पाहू?" हंसाबाईनं हात उगारला.

उज्ज्वला मागं सरकली नाही. पाठ हुळहुळत होती. पण जिभेची चाकं एकदा फिरायला लागली की तिच्याही हातात राहत नसत.

"याडी, तू म्हणली होती ना, टाळी एका हातानं वाजते काय? नाही वाजत. पण थापड एकाच हाताची असते. आत्ता माह्या पाठीत तू चार मारल्या, त्यात माह्या हात कुठं होता?"

हंसाबाईचा हात वरच राहिला. मग तो खाली आला, आणि कुठं ठेवावा ते न कळून तिनं तो पदराला पुसला.

"राजकुमारनं इचारलं, कोणी ऐकला कागद," उज्ज्वला म्हणाली. "बापू, तुम्ही ऐकला. याडीनं ऐकला. तुम्ही नका सांगू, मी म्हणत नाही तुम्हाले. पण तो लिहिला मी अन् वाचलाही मी. मले पाठ आहे. आमचं पहिलेच ठरलं, कागद नाही मानला तं पोलिसाईकडे जायचं. सकाळच्या आठच्या एस.टी.नं जमनाबाई मारेगावच्या ठाण्यात चालली अन् मी तिच्यासोबत चालली. साहेबांनी इचारलं तं एकेक शब्द म्हणून दाखवतो."

"मी तुले जाऊ देईन असं वाटते?" भावसिंग म्हणाला. पण त्याचा आवाज आधीच्या एवढा नव्हता.

"नायकानं इचारलं तं सांगजा, पोरीले मी अडवलं होतं. ते खोटं नको पडाले, म्हणून अडवून घ्या. पण आत्ताच अडवा, बापू. सकाळी मले भाकरी बांधायच्या असतात, वेणी घालायची असते. सकाळी टाइम नाही राहत."